फोड (त्वचा)
फोड म्हणजे त्वचेच्या वरच्या थरांमध्ये किंवा त्यांच्या लगेच खाली द्रव साचून आलेला फुगवटा होय. हा द्रव बहुधा पाण्यासारखा स्वच्छ असतो. सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटल्यास त्यात रक्त मिसळते, तर जंतुसंसर्ग झाल्यास पू होतो. लहान फोडास पुटकुळी म्हणतात.

कारणे
घर्षण हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. त्वचेचे थर एकमेकांवरून सरकून विलग होतात आणि मधल्या पोकळीत द्रव झिरपतो. जुन्नर-आंबेगाव भागात निरगुडसरसारख्या गावांत कांद्याची पात विळ्याने कापणाऱ्यांच्या तळहातांवर असे फोड येतात. ओलसर त्वचेवर घर्षण वाढत असल्याने आषाढी वारीत तळपायांवर ते विशेष आढळतात. आळंदी ते पंढरपूर या सुमारे २५० किमी वाटेतील पुणे-सासवड हा लांबलचक टप्पा पाय सरावण्यापूर्वीच येतो.

भाजणे, कांजिण्या व नागीण यांमुळेही फोड येतात. नागिणीची दोन टोके जुळल्यास मृत्यू येतो, ही समजूत निराधार आहे. मात्र तिच्यावरील विषाणूरोधक औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू करणे हितकारक असते.

महाराष्ट्रात बिब्बा हे एक खास कारण आहे. आंबा व काजू यांच्याच कुळातील या झाडाच्या फळात दाहक तेल असते. काटा रुतलेल्या किंवा भेगाळलेल्या पायावर तापवलेल्या बिब्ब्याचा चटका देण्याची जुनी रीत आहे. तो ‘उतला’, म्हणजे त्वचेला बाधला, की आसपास खाज सुटून मोठे फोड उठतात व काळे डाग मागे राहतात. तेल लागल्यास ती जागा त्वरित साबण व पाण्याने धुवावी.

उपचार
फोडावरील अखंड त्वचा हेच जखमेचे उत्तम आवरण असते. म्हणून ती सोलून काढू नये. घर्षणाचा लहान फोड झाकून ठेवल्यास सहसा आठवड्याभरात बरा होतो. मोठा व दुखरा फोड साबणाने धुऊन, निर्जंतुक सुईने कडेला टोचून रिकामा करता येतो. वरची त्वचा तशीच ठेवून स्वच्छ पट्टी बांधतात. वारीतला सुईदोरा ओवून दोरा आत सोडण्याचा उपाय टाळावा, कारण दोऱ्यावाटे जंतू आत शिरतात.

भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. बर्फ, शाई किंवा टूथपेस्ट लावू नये. भाजल्याने आलेला फोड घरी टोचू नये. मधुमेह्यांच्या पायांची संवेदना मंदावलेली असल्याने फोड चिघळेपर्यंत लक्षात येत नाही. त्यांनी तो स्वतः न टोचता डॉक्टरांना दाखवावा. पू, ताप, पसरणारी लाली किंवा डोळ्याजवळचे फोड असल्यासही वैद्यकीय उपचार आवश्यक असतात.