थिबा, टिळक आणि रिकामा वेळ

मंडळी, "वेळच मिळत नाही रे" हे वाक्य आमच्या ऑफिसात दिवसातून दहादा तरी ऐकू येतं. मग कुणीतरी टाइम मॅनेजमेंटच्या कार्यशाळेची मेल पाठवतं आणि ती वाचायलाही कुणाला वेळ मिळत नाही :) सगळ्यांनी धरून चाललेलं असतं की वेळ मिळाला की ताण जाईल. हे खरं का, ते तपासायचं तर ज्यांच्याकडे वेळच वेळ होता अशी माणसं बघायला हवीत. आणि अशा दोघांचा आमच्या रत्नागिरीशी संबंध आहे.

पहिला थिबा, ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं, त्याला पदच्युत केलं, आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. आज आपण 'थिबा पॅलेस' म्हणून बघतो ती वास्तू १९१० साली तयार झाली. म्हणजे पहिली चोवीस वर्षं राजा दुसऱ्या बंगल्यांमध्येच राहिला. नेमून दिलेला तनखा, दाराशी पहारा, मोकळेपणानं कुठे जायची सोय नाही. तनखा पुरेना, म्हणून सरकारकडे अर्ज चालायचे. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला.

दुसरे लोकमान्य टिळक. जन्म २३ जुलै १८५६, रत्नागिरीचाच. २२ जुलै १९०८ ला, म्हणजे बावन्नाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, मुंबई हायकोर्टात राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि रवानगी कुठे? मंडालेला! थिबाच्या राजधानीत. राजा आमच्या गावात कैदी आणि आमच्या गावचा माणूस राजाच्या गावात कैदी. इतिहास कधीकधी अशी गंमत करतो.

तिथे टिळकांनी काय केलं हे शाळेत सगळ्यांनी वाचलंय, पण तपशील बघण्यासारखा आहे. सुटे कागद मिळायचे नाहीत. पानं मोजून आकडे घातलेल्या बांधीव वह्या मिळायच्या. शाई नाही, फक्त पेन्सिल. अशा वह्यांत १९१०-११ च्या हिवाळ्यात, साधारण पाच महिन्यांत, 'गीतारहस्य'चा पहिला खर्डा झाला. त्याआधी दोन वर्षं वाचन आणि विचार चालूच होता. जोडीला जर्मन, फ्रेंच, पाली. जून १९१४ मध्ये सुटका झाली आणि १९१५ मध्ये पुस्तक छापून आलं.

आता लगेच "टिळक कामसू आणि थिबा आळशी" असा निकाल द्यायचा मोह होतो. पण तो अन्याय आहे, बरं का. थिबा गादीवर बसण्यापूर्वी मठात शिकलेला होता, पालीतल्या धर्मग्रंथांचा जाणकार म्हणून त्याचं नाव होतं. म्हणजे अक्कल होती, वेळही होता. मग फरक कुठे पडला?

मला वाटतं, एक मोठा फरक शेवटच्या तारखेचा. टिळकांना सहा वर्षं दिसत होती. थिबाच्या कैदेला तारीखच नव्हती. परत जायचं की नाही हे सर्वस्वी सरकारच्या मर्जीवर. ज्याचा शेवट दिसत नाही, त्यात माणूस काम आखणार तरी कसं? तो वाट बघतो, अर्ज करतो, उत्तराची वाट बघतो, पुन्हा अर्ज करतो. आपल्याकडे 'रिलीज पुढे ढकललं, नवी तारीख नंतर कळवू' अशी मेल आली की पुढचे पंधरा दिवस कसे जातात ते आठवा. काम कमी असतं आणि ताण दुप्पट.

दुसरा फरक वहीचा. सुटका टिळकांच्या हातात नव्हती. पण आकडे घातलेल्या पानांपैकी आज किती भरायची, हे होतं. ताण देणारी गोष्ट मोठी आणि दुसऱ्याच्या हातातली असली, तरी तिच्या शेजारी एक लहान, मोजता येणारी, स्वतःच्या हातातली गोष्ट ठेवता येते.

अर्थात कामानं सगळं भागतं असंही नाही. १९१२ मध्ये टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या, तेव्हा ते मंडालेतच होते. खर्डा तर कधीच पूर्ण झाला होता. त्या दुःखाला कुठलं वेळापत्रक पुरं पडणार? तेव्हा 'कामात मन गुंतव, सगळं ठीक होईल' असा सल्ला निदान मी तरी कुणाला देणार नाही.

असो. तर सांगायचा मुद्दा असा, की नुसता वेळ मिळून ताण जात नाही. पुढच्या वेळी जीव टांगणीला लागला तर एक करून बघा. ज्या गोष्टीची तारीख दुसऱ्याच्या हातात आहे, तिची चौकशी दिवसातून एकदाच करायची, सकाळी. उरलेल्या दिवसासाठी एक वही घ्यायची, शंभर पानांची, आणि पानांवर आधीच आकडे घालून ठेवायचे. विषय कुठलाही चालेल.

आणि रत्नागिरीला गेलात तर टिळक आळीतलं टिळकांचं जन्मघर आणि थिबा पॅलेस एकाच दिवशी बघा. रिक्षानं फार वेळ लागत नाही.