पाणबुड्याच्या हवानळीची सुरक्षितता : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

पाण्याखाली उतरणाऱ्या माणसाचा प्राण एका लवचीक नळीवर अवलंबून असतो. मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावरील स्कूबा डायव्हिंगमुळे हा विषय आता नौदल वा बंदरापुरता उरलेला नाही. देशावरून सहलीस जाणारा विद्यार्थीही भाड्याच्या उपकरणातून श्वास घेऊ लागला आहे. या नळीच्या इतिहासातील काही टप्प्यांचा प्रस्तुत लेखात मागोवा घेतला आहे. नळी सुरक्षित होण्यात चिवट रबराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, वाटा ती कधीतरी निकामी होणार हे गृहीत धरून केलेल्या योजनांचा आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

पंप आणि शिरस्त्राण

इ. स. 1782 मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ या युद्धनौकेचे अवशेष काढण्याचे काम कर्नल पास्ली यांनी 1839 ते 1843 या काळात केले. या मोहिमेत ऑगस्टस सीबे यांचा धातूच्या शिरस्त्राणाचा पोशाख वापरला गेला. हवा वरच्या पंपातून नळीवाटे येई. नळी पृष्ठभागाजवळ तुटली की शिरस्त्राणातील दाबयुक्त हवा वेगाने वर निसटे आणि भोवतालचे पाणी पाणबुड्याचे शरीर शिरस्त्राणाकडे चेपू लागे. अशा इजेची आरंभीची वैद्यकीय नोंद याच मोहिमेतील आहे. हवा उलट जाऊ न देणारी झडप शिरस्त्राणाच्या तोंडाशी बसविणे हा त्यावर पुढे रूढ झालेला उपाय होय. नळी तुटायची ती तुटतच राहिली. तुटण्याचा परिणाम मात्र बदलला. 1860 च्या दशकात फ्रान्समध्ये रुकेरोल व देनेरूझ यांनी पाणबुड्याच्या पाठीवर हवेची लहान टाकी दिली. त्यामुळे पंपाची नळी सुटली तरी काही काळ श्वास चालू राही.

स्कूबाची नळी

1943 मध्ये कुस्तो व गान्यान यांनी सिद्ध केलेल्या उपकरणाने पंपाशी असलेले नाते तोडले. त्याच्या दोन्ही नळ्यांत हवा भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची असे. नळी फाटली तर पाणी आत शिरे. 1950 च्या दशकात ऑस्ट्रेलियातील टेड एल्ड्रेड यांच्या प्रयत्नांतून एकनळी रेग्युलेटर पुढे आला. या रचनेत नळीतील दाब भोवतालच्या दाबापेक्षा सुमारे 9 ते 10 बार अधिक असतो. त्यामुळे ती फुटली की हवा बाहेर उसळते आणि टाकी काही मिनिटांतच रिकामी होऊ शकते. याउलट, दाबमापकाकडे जाणाऱ्या नळीत 200 बारपर्यंत दाब असूनही तिच्या मुळाशी मुद्दाम अतिसूक्ष्म छिद्र ठेवलेले असते. म्हणून ती फुटली तर हवा तुलनेने सावकाश जाते. धोका केवळ दाबावरून ठरत नाही, तो रचनेवरून ठरतो, हे यावरून स्पष्ट होते. स्वतःची टाकी रिकामी होत असता सोबत्याकडील जादा मुखयंत्र हाच आधार असतो. पाणबुड्यांनी जोडीने उतरण्याच्या प्रथेचे मूळही पास्ली यांच्या मोहिमेपर्यंत नेले जाते.

अलीकडच्या काळात विणलेल्या आवरणाच्या काही नळ्यांमध्ये आतील पॉलियुरेथेनचे अस्तर उष्ण हवामानात बिघडून हवेचा मार्ग अडल्याचे आढळले. बाहेरून निर्दोष दिसणारी नळी आतून निकामी असू शकते, ही बाब कोकणच्या उन्हाळ्यात विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

मुंबई हायचा धडा

1974 मध्ये मुंबई हाय येथे तेल सापडले. खोल पाण्यात दीर्घकाळ काम करणारे पाणबुडे जहाजावरील दाबकक्षातच अनेक दिवस राहतात आणि समुद्रात नाळेसारख्या नळीसंचातून श्वसनवायू घेतात. दाब हळूहळू उतरविल्याशिवाय त्यांना बाहेर येता येत नाही. 27 जुलै 2005 रोजी ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज मुंबई हाय नॉर्थ फलाटाच्या तेलवायूवाहिनीवर आदळून भीषण आग लागली व 22 जणांचा मृत्यू झाला. त्या वेळी जहाजाच्या दाबकक्षात सहा पाणबुडे होते. सुमारे 36 तासांनी त्यांची सुटका झाली. पुढे ते जहाज बुडाले. नळीचे एक टोक पाणबुड्याकडे असले, तरी दुसरे टोक जहाज, यंत्र व माणसे यांच्या हाती असते, हे या दुर्घटनेने अधोरेखित केले.

निष्कर्ष

झडप, राखीव साठा, सूक्ष्म छिद्र आणि सोबती या चारही योजना नळीच्या अपयशाची शक्यता मान्य करूनच निर्माण झाल्या. पर्यटकाला नळीचे वय कळत नाही, आतील अस्तर दिसत नाही. म्हणून नळी केव्हा बसविली, केव्हा तपासली व केव्हा बदलली याची लेखी नोंद ठेवणे आणि ती मागणाऱ्यास दाखविणे ही व्यावसायिकांची जबाबदारी ठरते; ती मागण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे हे सहल नेणाऱ्या शिक्षकांचे कर्तव्य आहे.