निवडून आलेले, पण नेमलेले : वऱ्हाडातील लोकसहभागाच्या इतिहासातील एक प्रश्न

लोकशाही व्यवस्थेतील नागरिकांच्या सहभागाचा अभ्यास राज्यशास्त्रात सामान्यतः दोन साधनांवर उभा असतो : मतदानाचे आकडे आणि निर्वाचित सभासदांच्या याद्या. वऱ्हाडाच्या इतिहासात मात्र एक कालखंड असा आहे की, जेथे ही दुसरी साधनसामग्री अभ्यासकाची दिशाभूल करू शकते. १९१९ च्या सुधारणा कायद्याखाली १९२०, १९२३, १९२६ व १९३० साली प्रांतिक कायदे कौन्सिलच्या निवडणुका झाल्या. अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळ या चार जिल्ह्यांतील मतदारांनी त्यांत आपले प्रतिनिधी निवडले. परंतु कायद्याच्या भाषेत हे प्रतिनिधी निवडून आलेले नव्हतेच. ते गव्हर्नरने नेमलेले सभासद होते. प्रस्तुत लेखात या विसंगतीचे मूळ, तिचे राजकीय परिणाम आणि लोकसहभागाच्या संशोधनाच्या दृष्टीने तिचे महत्त्व यांचा विचार केला आहे.

या विसंगतीचे मूळ वऱ्हाडाच्या घटनात्मक स्थानात आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराकडे सोपविले. पुढे १९०२ च्या कराराने वार्षिक २५ लक्ष रुपयांच्या मोबदल्यात हा मुलूख कायमच्या पट्ट्याने इंग्रज सरकारकडे गेला आणि १ ऑक्टोबर १९०३ पासून त्याचा कारभार मध्यप्रांताच्या चीफ कमिशनरकडे आला. तथापि सार्वभौमत्व निजामाचेच राहिले. वऱ्हाड हा 'ब्रिटिश हिंदुस्थान'चा भाग नव्हता. तेथील कायदे परराष्ट्रीय अधिकारक्षेत्राच्या तरतुदींखाली, अधिसूचना काढून लागू केले जात. अमरावतीचा वकील ज्या कायद्यान्वये न्यायालयात उभा राहत असे, तो कायदाही असा उसना आणलेला होता!

या तांत्रिक परकेपणामुळे वऱ्हाडातील सार्वजनिक जीवन मागे पडले असे मात्र दिसत नाही. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर वऱ्हाडासाठी ग्रामीण मंडळांचा व नगरपालिकांचा स्वतंत्र कायदा झाला. डिसेंबर १८९७ मध्ये राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन अमरावतीस भरले. चेत्तूर शंकरन नायर अध्यक्ष होते आणि स्वागताध्यक्ष होते दादासाहेब खापर्डे. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रजेचे हक्क मागणारी ही सभा, कायदेशीरदृष्ट्या जो मुलूख ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हता तेथे भरली होती. पुढे १९१२ च्या बांकीपूर अधिवेशनाचे अध्यक्षपद अमरावतीच्याच रंगनाथ नरसिंह मुधोळकर यांच्याकडे आले.

१९१९ च्या कायद्याने मध्यप्रांताच्या कौन्सिलची सभासदसंख्या ७० ठरविली आणि वऱ्हाडाच्या प्रश्नावर एक चमत्कारिक तोडगा काढला. वऱ्हाडातील मतदारांनी निवड करावी, त्या निवडीचा परिणाम म्हणून गव्हर्नरने त्या व्यक्तीस नेमावे आणि निर्वाचित सभासदांचे प्रमाण मोजताना अशा नेमलेल्या सभासदास 'निर्वाचित मानावे' अशी ती तरतूद होती. मध्यवर्ती विधानसभेतील वऱ्हाडच्या जागेचेही तसेच होते. यवतमाळचे बापूजी अणे तेथे 'वऱ्हाडचे प्रतिनिधी' म्हणून बसत. हा केवळ शब्दांचा खेळ होता, असे म्हणता येईल. पण मग त्या शब्दांमागील सत्ता कोणाची, हा प्रश्न उरतोच.

त्याचे उत्तर १९२३ नंतरच्या घटनांत मिळते. त्या वर्षीच्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाला मध्यप्रांत-वऱ्हाडात निर्णायक बहुमत मिळाले. १९२४ च्या प्रारंभी कौन्सिलने मंत्र्यांवर अविश्वास व्यक्त केला, अंदाजपत्रक फेटाळले आणि मंत्र्यांचे वेतन वार्षिक दोन रुपयांवर आणले. द्विदल राज्यपद्धती तेथे बंद पडली आणि सोपीव खात्यांचा कारभार गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांना स्वतःकडे घ्यावा लागला. या बहुमतात वऱ्हाडचे सभासदही होते. ज्यांना गव्हर्नरने 'नेमले' होते, त्यांनीच गव्हर्नरची व्यवस्था मोडीत काढण्यास हातभार लावला. नेमणुकीचा कागद सरकारचा असला तरी जबाबदारीची जाणीव मतदाराकडे होती, याहून स्पष्ट पुरावा शोधणे कठीण आहे. वऱ्हाडात मालगुजारी नव्हती, रयतवारी होती. येथील मतदार बहुतांशी स्वतःच्या नावे सारा भरणारा खातेदार होता आणि आपल्या कापसाच्या पट्ट्यातील महसूल मध्यप्रांतावर खर्च होतो, ही त्याची जुनी तक्रार होती. कौन्सिलमध्ये कोण बसतो, याचे त्याला सोयरसुतक होते ते यामुळे.

अर्थात चित्र एकरंगी नाही. स्वराज्य पक्षाचे अमरावतीचे नेते श्रीपाद बळवंत तांबे १९२५ मध्ये कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली. त्यावरून अखिल भारतीय पातळीवर पक्षात फूट पडली आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये प्रतियोगी सहकारितावाद्यांनी अकोल्यास एकत्र येऊन आपला वेगळा मार्ग आखला. अधिकारपद स्वीकारून लोकांचे काम करावे की बाहेर राहून अडवणूक करावी, हा वाद वऱ्हाडच्या भूमीवर लढला गेला, हे पुष्कळदा विसरले जाते.

याहून मोठी मर्यादा मताधिकाराची होती. सारा व मालमत्ता यांच्या अटींमुळे बहुसंख्य जनता, विशेषतः शेतमजूर आणि अस्पृश्य समाज, मतदार यादीबाहेरच राहिला. त्यांचा सहभाग शोधायचा तर कौन्सिलच्या इतिवृत्तांत नव्हे, अन्यत्र शोधावा लागतो. नोव्हेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस परिषद झाली, ती अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर. मंदिराच्या व्यवस्थापनात त्या वेळी दादासाहेब खापर्डे प्रमुख होते. इंग्रजांपुढे प्रजेचे हक्क मांडणारे नेतृत्व येथे दुसऱ्या बाजूला उभे होते. १९२८ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचे पाऊल त्यांनी उचलले. विहिरीवर पाणी भरणाऱ्या त्या माणसाला मत नव्हते. तरीही स्थानिक संस्थेचा निर्णय प्रथमच त्याच्या घरापर्यंत पोहोचत होता. १९३० मध्ये पंजाबराव प्रांतिक कौन्सिलमध्ये गेले व मंत्री झाले. कायद्याच्या पुस्तकात तेही 'नेमलेले'च.

१९३५ च्या कायद्याने व १९३६ च्या निजामाशी झालेल्या कराराने 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असा एक प्रांत ठरला, आणि त्या कायद्यापुरता ब्रिटिश हिंदुस्थानच्या उल्लेखात वऱ्हाडाचाही समावेश मानला गेला. १९३७ च्या निवडणुकीपासून वऱ्हाडचा सभासद कागदावरही निर्वाचित झाला.

संशोधनात या कालखंडाची दखल असमान आहे. डी. ई. यू. बेकर यांच्या १९७९ मधील ग्रंथात १९१९ ते १९३९ या काळातील प्रांतिक नेतृत्व मराठी भागाकडून हिंदी भाषक महाकोशलाकडे कसे सरकले, हे सविस्तर आले आहे. मात्र तेथे प्रकाशझोत नेत्यांवर आहे, मतदारांवर नाही. त्याआधी १९७२ मध्ये मेरी कॅरस यांचा महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. अकोला, औरंगाबाद, पुणे व रत्नागिरी हे चार जिल्हे त्यांनी निवडले आणि गटबाजीचे मूळ जात वा व्यक्तिनिष्ठा यांपेक्षा आर्थिक हितसंबंधांत अधिक आहे, असे प्रतिपादन केले. पुसदच्या वसंतराव नाईक यांच्या समितीच्या अहवालातून साकारलेली ही जिल्हा परिषद १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आली होती, म्हणून तिच्या अभ्यासाची सुरुवातही तेथूनच होणे स्वाभाविक होते. परंतु अकोल्यातील खातेदार, व्यापारी व वकील यांच्यातील हितसंबंधांची ओढाताण त्याआधीच्या जिल्हा कौन्सिलांत आणि १९२० नंतरच्या चार निवडणुकांतही शोधता येण्याजोगी आहे. त्यासाठी जुन्या सरकारी याद्यांतील 'नेमलेले सभासद' या रकान्यातून वऱ्हाडची नावे वेगळी काढून ती निर्वाचितांच्या रकान्यात मांडावी लागतील, आणि मगच त्या काळच्या प्रांतिक आकडेवारीची तुलना इतर प्रांतांशी करता येईल.