गब्बर दुसऱ्यांदा बोलतो

१९७६. इंदूरच्या स्नेहलतागंजात गणपती बसलेत. आरती आटोपली आणि मांडवाच्या कर्ण्यातून 'शोले'च्या संवादांची तबकडी सुरू झाली. प्रसादाला तुम्ही हात पुढे केलाय खरा, पण कान कर्ण्याकडे. गब्बरच्या आधीच पोरं त्याचं वाक्य म्हणून मोकळी होतात. "आपल्या इंदूरच्या सलीम खानचं लिखाण!" शेजारचे काका सांगतात. जावेद अख्तरांचा अर्धा वाटा इथे कुणी मोजत नाही.

हा आवाज मात्र चित्रीकरण झालं त्या रामनगरच्या खडकांतला नाही. तो ऐकायचा तर आणखी मागे, मुंबईत चला.

डबिंग थिएटरचं जाड दार तुमच्यामागे लागतं. पडद्यावर गब्बर बोलतो, संपतो, पुन्हा तेच बोलतो. फिल्मचा तुकडा कापून त्याची टोकं जोडली आहेत, हाच लूप. संकलक एम. एस. शिंदे, 'शोले'ला मिळणारा एकमेव फिल्मफेअर पुढे त्यांचाच. हेडफोनमध्ये पायलट ट्रॅक: चित्रीकरणाच्या वेळचा कच्चा आवाज, त्यात कॅमेऱ्याची घरघर आणि वारा. म्हणून तर हा सगळा खटाटोप.

तुमचं काम एकच, ओठ बघायचे. 'आदमी'तल्या 'म'ला पडद्यावर ओठ मिटतात, त्याच क्षणी माइकवर मिटायला हवेत. सेकंदाला २४ चौकटी. दोन-तीन इकडेतिकडे झाल्या की आवाज उपरा वाटू लागतो.

माइकपाशी अमजद खान. ऊन नाही, घोडे नाहीत, दरडावायला समोर कुणी नाही. या भूमिकेला हा आवाज कमकुवत पडेल, असं खुद्द जावेदना वाटलं होतं. आता त्याच आवाजानं, महिन्यांपूर्वीचा राग बंद खोलीत पुन्हा आणायचा, तोही मापात! डबिंगला नकली म्हणणाऱ्यांना इथे तासभर उभं करायला हवं. पुढे 'लगान'साठी नकुल कामते कच्छमध्ये जागच्या जागी आवाज टिपतील, त्याचं कौतुक आहेच. पण तिथे नटाला समोरचा माणूस तरी असेल.

"म पुढे गेला," तुम्ही सांगता. लूप फिरतो. या वेळी अमजद वाक्याआधी श्वास घेतात, पायलट ट्रॅकवर नसलेला. ओठ जुळले. श्वास ठेवायचा का? ठेवा.

पुढचा लूप कालियाचा. विजू खोटे घसा खाकरतात.