रोहिणीचे पाणी आणि संघाचा ठराव

युद्ध करायचे की नाही, हे कोणी ठरवायचे? सेनापतीने, की ज्यांची पोरं लढायला जाणार त्यांनी?

पाली अट्ठकथांत शाक्य-कोलियांचे रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेले भांडण स्वतः तथागत मिटवतात. चार दृश्ये पाहून गृहत्याग झाला, हे मात्र परमपूज्य बाबासाहेबांना पटले नाही. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हेच भांडण गृहत्यागाचे कारण ठरते.

सेनापतीने शाक्य संघापुढे युद्धाचा ठराव मांडला. दोन्हीकडचे दोन-दोन निवडा, चौघांनी पाचवा निवडावा अन् तंटा मिटवावा, असे सिद्धार्थ गौतम म्हणाले. मते पडली, सूचना हरली. दुसऱ्या दिवशी २० ते ५० वयाच्या प्रत्येक शाक्याच्या सैन्यभरतीचा ठराव आला. सिद्धार्थांनी साफ नकार दिला. घरच्यांवर बहिष्कार नको म्हणून शिक्षा एकट्याने घेतली आणि देश सोडला.

पण गोष्ट इथे संपत नाही. ते गेल्यावर बाया, पुरुष, पोरंसोरं मिरवणुका काढून युद्धाविरुद्ध उभी राहिली. संघाला पुन्हा सभा घ्यावी लागली. या खेपेला बहुमत शांततेचे झाले. दोन्हीकडचे पाच-पाच दूत बसले. पाण्याच्या तंट्यांसाठी कायमचे लवाद मंडळ ठरले.

बहुमताने ठराव पास होतो, पण तेवढ्याने तो न्यायाचा होत नाही. लोकांनी जाब विचारला, तेव्हा संघाचा निर्णय खरा लोकांचा झाला. आमच्या विहाराच्या सभेतही हात वर होतात. विरोधातला एकटा हातही आम्ही नीट ऐकून घेऊ या.

नमो बुद्धाय! जयभीम!