समजावून सांगण्याची उमेदवारी

हल्ली 'इंटर्नशिप' हा शब्द घरोघरी ऐकू येतो. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर तो पदवीच्या अभ्यासक्रमातच आणून बसवला. आमच्या पिढीचा शब्द होता 'उमेदवारी'. वकिलाकडे, छापखान्यात, सराफाच्या पेढीवर मुलगा आधी उमेदवारी करायचा. माझ्या एका विद्यार्थिनीची मुलगी अलीकडे मुंबईच्या एका विज्ञान संग्रहालयात उमेदवारी करून जळगावला आली. काय काम केलंस, म्हणून विचारले, तर म्हणाली, "आजोबा, लोकांना समजावून सांगायचं, एवढंच." मी इतिहास आणि मराठीचा शिक्षक. जन्मभर 'एवढंच' काम केले! त्यामुळे या कामाचा इतिहास पाहावासा वाटला.

आपल्याकडे विज्ञानातल्या उमेदवारीचे जुने आणि ठसठशीत उदाहरण म्हणजे केरूनाना छत्रे. जन्म 1825, अलिबागजवळच्या नागावचा. 1840च्या सुमारास, पोरवयातच, ते मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत लागले. तिथे प्रोफेसर ऑर्लिबार यांच्या हाताखाली हवामानाच्या आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घ्यायच्या. काम रुक्ष, दिवसा काय नि रात्री काय, ठरल्या वेळी काट्याकडे बघायचे आणि आकडा लिहायचा. पण त्या काट्यांनीच त्यांना गणित आणि ज्योतिष शिकवले. पुढे पुण्यात ते प्राध्यापक झाले, शाळांसाठी मराठीत शास्त्रीय पुस्तके लिहिली, आणि टिळकांसारखा विद्यार्थी घडवला. म्हणजे उपकरणाशेजारी उभा राहिलेला पोरगा पुढे समजावून सांगणारा झाला. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

संग्रहालयांची गोष्ट मात्र वेगळ्या वाटेने गेली. राणीच्या बागेतले, आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव असलेले संग्रहालय 1872 साली लोकांसाठी उघडले. तिथे वस्तू काचेच्या कपाटात असायच्या. पाहायचे आणि पुढे सरकायचे. 1903 साली जर्मनीत म्युनिक येथे ऑस्कर फॉन मिलर यांनी डॉइचेस म्युझियमची स्थापना केली. तिथे कळ दाबली की यंत्र हलते, अशी योजना होती. आपल्या देशात तोच विचार 1959 साली कोलकात्याच्या बिर्ला संग्रहालयात आला. काच गेली, कळ आली. पण कळ दाबून चाक फिरले की मूल टाळ्या वाजवते आणि पुढच्या कळीकडे पळते. का फिरले, हे विचारायला थांबवणार कोण?

याचे उत्तर 1969 साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियममध्ये मिळाले. त्याचे संस्थापक फ्रँक ऑपेनहायमर. अणुबॉम्बवाल्या रॉबर्ट ऑपेनहायमर यांचे हे धाकटे भाऊ. कम्युनिस्ट असल्याच्या कारणावरून 1949 साली त्यांची विद्यापीठातली नोकरी गेली. मग कोलोरॅडोत त्यांनी गुरे पाळली आणि 1957पासून तिथल्याच लहानशा गावात हायस्कूलवर शिकवले. एवढा मोठा शास्त्रज्ञ, आणि गावच्या मुलांना विज्ञान शिकवतो आहे! मला वाटते, संग्रहालय काढताना त्यांच्यातला हाच शाळामास्तर कामी आला. प्रदर्शनापाशी उभे राहायला त्यांनी पदवीधर तज्ज्ञ नेमले नाहीत, हायस्कूलची मुले घेतली. 'एक्स्प्लेनर' हे त्यांचे नाव. केवळ हुशार मुले निवडायची नाहीत, आणि कामाचे पैसे द्यायचे, ही दोन पथ्ये त्यांनी पाळली. जे आपल्याला नुकतेच कळले आहे ते आपण जास्त चांगले सांगतो, कारण कुठे अडलो होतो ते अजून आठवत असते. शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको.

मुंबईत वरळीला नेहरू विज्ञान केंद्राची सुरुवात 1977 साली एका प्रदर्शनाने झाली. 1979 साली, आंतरराष्ट्रीय बालवर्षात, तिथे मुलांसाठी विज्ञान उद्यान झाले आणि 11 नोव्हेंबर 1985 रोजी पूर्ण केंद्र सुरू झाले. नागपूरचे रमण विज्ञान केंद्र 1992चे. रेल्वेने पाहिले तर जळगाव या दोहोंच्या बरोबर मध्ये, दोन्हीकडे सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे खानदेशातल्या मुलाला दोन्ही सारखीच लांब!

त्या मुलीने सांगितलेला एक प्रसंग मला फार आवडला. अशा केंद्रांत बहुधा एक दुहेरी शंकू असतो. दोन शंकू बुडाशी जोडलेले, आणि ठेवायला दोन पट्ट्या, एकीकडे जवळ आणि उंचावर गेल्या तशा फाकत जाणाऱ्या. शंकू सोडला की तो चढावर चालल्यासारखा दिसतो. पहिल्या आठवड्यात ती घडाघडा 'गुरुत्वमध्य' सांगायची आणि समोरचे माना डोलवायचे. तिच्या वरिष्ठांनी तिला एवढेच सांगितले, की तो शब्द शेवटी काढ. मग ती मुलांच्या हाती पट्टी देऊन म्हणू लागली, "शंकूचा मधला भाग टेबलापासून किती उंच आहे, इथे मोज आणि तिथेही मोज." मोजल्यावर मूलच ओरडे, "अरे, हा तर खाली येतोय!" एकदा रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले भुसावळचे गृहस्थ तिथे थांबले. त्यांनी तिलाच सांगितले, की रेल्वेचे चाकही असेच किंचित निमुळते असते. वळणावर बाहेरच्या बाजूचे चाक आपल्या मोठ्या घेरावर चालते आणि आतले लहान घेरावर, म्हणून गाडी वळते. त्या दिवशी समजावून सांगणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे सांगणे कठीण. उमेदवारी म्हणतात ती हीच.

भाषेचा मुद्दाही यातच येतो. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना 1974ची. आरंभीच्या वर्षांतच त्यांनी आपल्या जळगाव जिल्ह्यात, खिरोदा परिसरातल्या शाळांत काम केले. याच केंद्राच्या वि. गो. कुलकर्णी आणि गंभीर यांनी 1981 साली विज्ञानशिक्षणातल्या भाषेच्या अडसरावर अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांना विज्ञान नव्हे, पुस्तकाची भाषा अडवते; ती सोपी केली की तीच मुले पुढे जातात, असा त्याचा मथितार्थ. घरी अहिराणी किंवा लेवा गणबोली बोलणाऱ्या मुलांना शिकवलेल्या कोणालाही हे पटेल. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबने जे साधले, त्यामागेही हेच तत्त्व होते: वस्तू ओळखीची हवी आणि शब्दही.

आता खरा प्रश्न. उमेदवारी अभ्यासक्रमात आली, पण मुंबईत राहण्या-खाण्याचा खर्च कोणी करायचा? विद्यावेतन नसेल तर साक्री, यावल किंवा चोपड्याच्या मुलीला ती परवडत नाही. मग समजावून सांगणारे सगळे शहरातलेच राहतात आणि गावाकडचे फक्त ऐकणारे. ऑपेनहायमर पैसे का देत, ते इथे कळते.

आणि सांगण्यासारखे आपल्याकडे काय नाही? 1843च्या जून महिन्यात खानदेशातल्या माणेगावला उल्का पडली, ती जगाच्या अभ्यासकांना माहीत आहे, आपल्या मुलांना नाही. धुळे-नंदुरबारकडे काळ्या दगडाच्या भिंती माळावर मैलोन् मैल गेलेल्या दिसतात. लाव्हा भेगांत थिजून त्या झाल्या. पांझरेवरची फड पद्धत तर काही शतकांची. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाणी केवळ उताराने शेतात जाते, कुठल्या फडात कोणते पीक घ्यायचे ते सगळे मिळून ठरवतात आणि पाटकरी पाळी सांभाळतो. उतार, प्रवाह, वाटणी, सगळे शास्त्र तिथे उघड्यावर मांडलेले आहे.

आपल्या महाविद्यालयांनी दरवर्षी दहा मुले जरी या बंधाऱ्यांवर उमेदवारीला पाठवली, आधी पाटकऱ्याकडून शिकायला आणि मग शाळेच्या पोरांना सांगायला, तर इमारत नसतानाही काम सुरू होईल. फक्त त्या मुलांचा एसटीचा खर्च आणि थोडे विद्यावेतन संस्थेने द्यावे. आणि हो, पाटकऱ्यालाही मानधन द्यावे. शिकवणारा तो आहे.