भिंत, दिंडी दरवाजा आणि ‘फ्रीडम’ नावाची एक ओळ

आजचा भाग एका शब्दाबद्दल आहे. एखाद्या प्रॉक्सी ॲपची सेटिंग कधी उघडून पाहिली असेल, तर तो तुम्हाला दिसला असेल: आउटबाउंड. मोबाइलमधून निघालेलं कनेक्शन बाहेरच्या जगात कुठल्या वाटेने जाणार, ते तिथे ठरतं. काम दिसायला रुक्ष. पण या एका सेटिंगचा इतिहास काढला की त्यात एक चिप कंपनी येते, नेटस्केप येतं, चीनची भिंत येते आणि एका प्रोग्रामरला भेटायला आलेले पोलीसही येतात.

सुरुवात अमेरिकेतून. नव्वदच्या दशकाच्या आरंभी कंपन्यांनी आपल्या नेटवर्कभोवती फायरवॉल बांधायला घेतल्या. बाहेरचा चोर आत येऊ नये हे ठीक, पण मग आतल्या इंजिनियरने बाहेर कसं जायचं? मिप्स या चिप बनवणाऱ्या कंपनीत डेव्हिड कोब्लास सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर होता. त्याने यावर एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि १९९२ मध्ये युझनिक्सच्या सुरक्षा परिषदेत तो मांडला. नाव सॉक्स. पायमोज्यांशी काही संबंध नाही, ‘सॉकेट्स’चं ते लघुरूप.

किल्ल्याच्या मोठ्या दरवाज्यात एक छोटा दिंडी दरवाजा असतो ना, तसंच हे. मोठं दार बंदच राहतं, ये-जा दिंडीतून, आणि तिथे पहारेकरी. सॉक्समध्ये तुमचा प्रोग्राम आधी पहारेकऱ्याला सांगतो: मला अमुक आयपी पत्त्यावर, अमुक पोर्टवर जायचंय. परवानगी मिळाली की पुढे पहारेकरी फक्त इकडचा डेटा तिकडे आणि तिकडचा इकडे करत राहतो. यातली एक गोष्ट महत्त्वाची: इथे भिंत ज्याची, दिंडीही त्याचीच.

सॉक्सच्या चौथ्या आवृत्तीत एक उणीव होती. पहारेकऱ्याला आकड्यांतला पत्ताच द्यावा लागे, म्हणजे नावावरून पत्ता शोधायचं काम आतल्या मशीनचं. मार्च १९९६ मध्ये पाचव्या आवृत्तीचं मानक आलं, आरएफसी १९२८. त्यात पासवर्डची सोय आली, यूडीपी आलं, आणि संकेतस्थळाचं नुसतं नाव पहारेकऱ्याच्या हाती देता येऊ लागलं. पत्ता तूच शोध बाबा! हा तपशील आत्ता किरकोळ वाटेल, पण तो पुढे कामाला येणार आहे.

त्याच वर्षी नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीत पॅक फाइल आली. ही जावास्क्रिप्टमधली साधी फाइल. ब्राउझर प्रत्येक पत्ता तिला विचारणार, आणि ती उत्तर देणार: ‘डायरेक्ट’, म्हणजे सरळ जा, किंवा ‘प्रॉक्सी’, म्हणजे दिंडीतून जा. ऑफिसातली आतली पानं सरळ, बाहेरची प्रॉक्सीतून. मला विचाराल तर आउटबाउंडच्या गोष्टीतला हा खरा टप्पा. बाहेर जायच्या वाटा एकापेक्षा जास्त असू शकतात आणि निवड नियम लिहून करता येते, हे या फाइलने सामान्य ब्राउझरमध्ये आणून ठेवलं.

आता चीन. सप्टेंबर १९८७ मध्ये बीजिंगमधून जर्मनीतल्या कार्लस्रुहला एक ईमेल गेला. त्याचा आशय असा होता की महाभिंत ओलांडून आपण जगाच्या कानाकोपऱ्यात पोहोचू शकतो. पुढे त्याच देशाने इंटरनेटभोवती जी गाळणी बांधली, तिला जग ग्रेट फायरवॉल म्हणतं. तिची एक जुनी युक्ती फार साधी आहे. तुम्ही अडवलेल्या संकेतस्थळाचा पत्ता विचारलात, की खरं उत्तर यायच्या आत खोटं उत्तर पोहोचतं. झालं, तुम्ही भलत्याच दारात! आता तो मघाचा तपशील आठवा. नाव तसंच्या तसं भिंतीपलीकडच्या पहारेकऱ्याकडे दिलं, तर हे खोटं उत्तर तुमच्या वाटेत येतच नाही.

पण सॉक्समधलं बोलणं उघडं असतं, भिंतीला ते वाचता येतं. २०१२ मध्ये ‘क्लोविंडी’ या टोपणनावाच्या चिनी प्रोग्रामरने शॅडोसॉक्स आणलं. त्याने पहारेकऱ्याचे दोन तुकडे केले. एक तुमच्याच मशीनवर, ब्राउझरशी सॉक्स बोलणारा. दुसरा परदेशातल्या सर्व्हरवर. मधलं सगळं बोलणं कूटबद्ध. भिंत एकाची होती, दिंडी आता दुसऱ्याची झाली.

ऑगस्ट २०१५ मध्ये त्याने लिहिलं की पोलीस येऊन गेले आणि त्यांनी काम थांबवायला सांगितलंय. गिटहबवरून कोडही काढायला लावला. न घाबरता हवा तो कोड लिहिता येईल अशा देशात कधीतरी राहायला मिळावं, अशीही इच्छा त्याने तिथेच व्यक्त केली. कोडच्या प्रती तोवर जगभर पसरल्या होत्या. त्या परत गोळा करणं कुणाच्याच हातात नव्हतं.

त्याच वर्षी व्हीटूरे नावाचं नवं सॉफ्टवेअर आकार घेत होतं. त्याच्या सेटिंगची फाइल बघण्यासारखी आहे: इनबाउंड, आउटबाउंड आणि मध्ये राउटिंगचे नियम. आउटबाउंड हवे तेवढे लिहा, प्रत्येकाला नाव द्या. नियम वरून खाली वाचले जातात, पहिला जुळला की थांबायचं. एकही जुळला नाही तर यादीतला पहिला आउटबाउंड. म्हणजे नुसत्या क्रमावर सगळं फिरतं. परदेशी सर्व्हर पहिला ठेवला, तर अनोळखी प्रत्येक कनेक्शन भिंतीपलीकडे जाणार. सरळ वाट पहिली ठेवली, तर फक्त नियमात लिहिलेलंच. सगळंच बाहेरून का नाही न्यायचं? कारण घरची संकेतस्थळं परदेशाला वळसा घालून उघडली की हळू चालतात, काही तर उघडतच नाहीत, आणि एखाद्याची सगळी रहदारी एकाच परदेशी पत्त्यावर जाताना दिसली तर ती नजरेत भरते.

नेटस्केपने ज्याला ‘डायरेक्ट’ म्हटलं, त्या सरळ वाटेला व्हीटूरेमध्ये नाव आहे ‘फ्रीडम’. आणि कनेक्शन गिळून टाकणाऱ्या वाटेला ‘ब्लॅकहोल’. गंमत म्हणा किंवा नका म्हणू, पण चीनमधल्या मोबाइलवर ‘फ्रीडम’ निवडलं तर कनेक्शन सरळ भिंतीवर जाऊन आदळतं. तीच ओळ परदेशातल्या सर्व्हरच्या फाइलमध्ये लिहिली की मात्र खरोखर मोकळं जग. शब्द एकच. फाइल कुठल्या देशातल्या मशीनवर ठेवली आहे, त्यावर त्याचा अर्थ ठरतो.

भिंतही शिकत होती. २०२३ च्या एका संशोधनात दिसलं की नोव्हेंबर २०२१ पासून चीनमध्ये पूर्ण कूटबद्ध, कशासारखीच न दिसणारी रहदारी अडवली जात होती. काहीच ओळखू न येणं हीच ओळख ठरली. काही साधनं त्याऐवजी साध्या वेबपानाचा वेश घेतात.

व्हीटूरे सुरू करणारी व्यक्ती व्हिक्टोरिया रेमंड या नावाने वावरायची. २०१९ मध्ये ते खातं गप्प झालं. मग बाकीच्यांनी व्हीटूफ्लाय या नावाने काम पुढे नेलं, त्यातून २०२० मध्ये एक्सरे फुटून निघालं. दोन्हीकडे सरळ वाटेचं नाव अजून ‘फ्रीडम’च आहे. त्यानंतर आलेल्या सिंग-बॉक्सने मात्र ते बदललं. तिथे पुन्हा नेटस्केपचाच जुना शब्द आहे: डायरेक्ट.